आधी आमच्या तापांवर पारखून घ्या: सेप्सिसच्या जनुक-चाचणीबाबत एक खुले पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, नवी दिल्ली;
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

महोदय,

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षे काम करीत आहे. रक्तातील जनुकांची अभिव्यक्ती मोजून सेप्सिस ओळखणाऱ्या चाचण्यांना अमेरिकेत मान्यता मिळू लागली आहे, त्यांची गुळगुळीत माहितीपत्रके आमच्या टेबलांवर येऊन पडू लागली आहेत, आणि आज ना उद्या त्या आपल्या खरेदीच्या यादीतही येतील. त्या वेळी घाई होऊ नये म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की, या चाचण्या आपल्याकडच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तावर पारखून घेतल्याखेरीज विकत घेतल्या जाऊ नयेत, आणि ही पारख विक्रेत्यांवर न सोपवता परिषदेने व शासनाने स्वतः करावी. या तंत्राला माझा विरोध आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. रात्री दोन वाजता रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून ‘हा जंतुसंसर्ग आहे की आणखी काही’ हा प्रश्न ज्याला वर्षानुवर्षे पडत आला आहे, त्याला अशा चाचणीची गरज कोणी पटवून द्यावी लागत नाही.

सेप्सिस म्हणजे केवळ रक्तात जंतू शिरणे नव्हे. २०१६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे व त्यामुळे जिवावर बेतणे, याला सेप्सिस म्हणतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. यातला मोठा वाटा आपल्यासारख्या देशांचा आहे. कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २००६ साली असे दिसून आले होते की, रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविक द्यायला जितका उशीर होतो, त्यातल्या प्रत्येक तासागणिक रुग्ण वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. इकडे ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातील जंतू बाटलीत वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, उपयोगी अहवाल हाती यायला एक ते तीन दिवस जातात, आणि सेप्सिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. रक्तातील सीआरपी हे प्रथिन तर कोणत्याही दाहात चढते. प्रोकॅल्सिटोनिन हे दुसरे प्रथिन त्याहून बरे. परंतु प्रतिजैविक सुरू करायचे की नाही हे ठरवताना डॉक्टरच्या तपासणीला त्याची जोड देऊ नये, असेच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सुचवले. मग आम्ही काय करतो, तर चुकायला नको म्हणून सर्वांनाच वरच्या पायरीचे प्रतिजैविक चढवतो, आणि त्याच वॉर्डात वर्षभराने त्या औषधाला दाद न देणारे जंतू भेटले की आश्चर्य व्यक्त करतो.

जनुक-चाचणीचा विचार वेगळा आहे. जंतू शोधत बसण्याऐवजी, जंतूची चाहूल लागल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशींनी काय केले, हे ती वाचते. पेशीतले एखादे जनुक कामाला लागले की त्याच्या आरएनएच्या प्रती वाढतात आणि थांबले की घटतात. या प्रती मोजायच्या. जिवाणूंचा संसर्ग असेल तर न्यूट्रोफिल पेशींशी संबंधित काही जनुके उसळतात, विषाणू असेल तर इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनांच्या हुकमाखालची जनुके उसळतात, आणि गंभीर सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्तीला जंतूची ओळख पटवून देणारी एचएलए-डीआर गटातील जनुके मंदावतात. मोजणीची पद्धत नवी नाही. कोविडच्या काळात घरोघरी ठाऊक झालेली आरटी-पीसीआर किंवा तिच्याच जातीची. तेव्हा आपण नाकातल्या विषाणूचा आरएनए मोजत होतो, इथे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातला मोजायचा एवढाच फरक.

या वाटेवर झालेले काम भरीव आहे. स्टॅनफर्डमधील टिमथी स्वीनी आणि पूर्वेश खत्री यांनी २०१५ साली इतर संशोधकांनी खुल्या भांडारांत ठेवलेली माहिती एकत्र करून, सेप्सिस आणि बिगरसंसर्गाचा दाह यांत फरक करू शकणारा ११ जनुकांचा संच काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात, तापाच्या मुलांमध्ये जिवाणू की विषाणू हे केवळ दोन जनुकांवरून बऱ्याच अंशी सांगता येते असे दिसले. ‘सेप्टिसाइट’ या चाचणीच्या चार जनुकांच्या आवृत्तीला २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. २०२१ मध्ये तिची पीएलएसी८ व पीएलए२जी७ या दोनच जनुकांवर बेतलेली, तासाभरात उत्तर देणारी आवृत्ती आली. जानेवारी २०२५ मध्ये परवानगी मिळालेली ‘ट्रायव्हेरिटी’ २९ जनुके वाचते आणि सुमारे अर्ध्या तासात जिवाणूंची शक्यता, विषाणूंची शक्यता आणि रुग्ण गंभीर होण्याची शक्यता अशी तीन उत्तरे देते. हे सारे कौतुकास्पदच आहे. मात्र अशा संचांची जडणघडण त्या भांडारांतील रक्तावर झाली, आणि ज्या रुग्णांचे रक्त तिथे पोचलेच नव्हते त्यांचा ताप या सूत्रांनी पाहिलेला नाही. माझी सारी अडचण इथून सुरू होते.

एक रुग्ण सांगतो. काही वर्षांपूर्वी निंदणाच्या दिवसांत, चाळिशीच्या आतली एक शेतमजूर बाई सहा दिवसांच्या तापानंतर आमच्याकडे आणली गेली. रक्तदाब ८४/५०, श्वास मिनिटाला ३४, प्लेटलेट ४८ हजार, डोळ्यांत पिवळी झाक. सेफ्ट्रिअॅक्सोन या प्रतिजैविकाची तीन इंजेक्शने आधीच झाली होती आणि डेंग्यूची पट्टी निगेटिव्ह होती. मी शिरस्त्याप्रमाणे कल्चर घेतले, सलाइन आणि रक्तदाब चढवणारे नॉरअॅड्रेनालिन सुरू केले, मेरोपेनेम हे वरच्या पायरीचे प्रतिजैविक चढवले. पहाटे चारच्या सुमारास अंग पुसता पुसता सिस्टरांनी हाक मारली, “सर, जरा इकडे या. हे परकराच्या नाडीखाली काय आहे बघा.” कमरेवर, नाडीचा वळ उमटतो नेमक्या त्या जागी, बिडीचा चटका बसावा तशी काळी, कोरडी, न दुखणारी खपली होती. नवरा दारातूनच म्हणाला, “नाडी काचली असंल वाटलं साहेब, म्हणून सांगितलं नाही.” ती खपली स्क्रब टायफसची होती. गवतातल्या बारीक चिगर अळीच्या चाव्यातून शिरणारा हा जंतू पेशींच्या आत राहतो. त्याच्यावर ना सेफ्ट्रिअॅक्सोन चालते ना मेरोपेनेम. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. कल्चरच्या बाटलीत पाच दिवसांनंतरही काही उगवले नव्हते, आणि उगवणारही नव्हते, कारण हा जंतू त्या बाटलीत वाढतच नाही.

त्या रात्री जनुक-चाचणीचे यंत्र माझ्या हाताशी असते, तर त्याने काय सांगितले असते? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि त्याचे उत्तर खत्री यांच्याच गटाच्या २०२२ सालच्या अभ्यासात बऱ्यापैकी सापडते. २० देशांतील ६९ माहितीसंचांमधले सुमारे ४,२०० नमुने तपासून त्यांनी दाखवले की, जिवाणू आणि विषाणू वेगळे करण्यासाठी तोवर प्रसिद्ध झालेले जनुकसंच पेशीबाहेर राहणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत चांगले चालतात, परंतु पेशींच्या आत राहणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत त्यांची अचूकता घसरते. कारण समजण्यासारखे आहे: पेशीत शिरलेल्या जिवाणूविरुद्धही शरीर इंटरफेरॉनचेच हत्यार काढते, त्यामुळे रक्तातील चित्र विषाणूसारखे दिसू लागते. म्हणजे माझ्या त्या रुग्णाबाबत ‘विषाणूची शक्यता अधिक’ असा निर्वाळा मिळण्याचा धोका खराखुरा होता, आणि खपली दिसण्याआधी तो निर्वाळा हातात पडला असता, तर मी डॉक्सिसायक्लिनचा विचार आणखी लांबणीवर टाकला असता. उत्तर ‘जिवाणू’ असे बरोबर आले असते, तरी मी मेरोपेनेमवरच समाधानी राहिलो असतो, हेही कबूल केले पाहिजे. कोणता जंतू आणि कोणते औषध, हे ही चाचणी सांगत नाही.

त्याच अभ्यासातील दुसरा भाग मला अधिक आशादायक वाटतो. ही उणीव ध्यानात घेऊन त्यांनी आठ जनुकांचा नवा संच काढला आणि नेपाळ व लाओसमधील रुग्णांवर तो प्रत्यक्ष तपासला, तेव्हा जिवाणूंच्या रुग्णांपैकी ९१ टक्के त्याने ओळखले आणि विषाणूंच्या रुग्णांपैकी ८७.९ टक्क्यांना योग्य त्या बाजूला ठेवले. ज्या प्रदेशात विषमज्वर आणि स्क्रब टायफस नित्याचे आहेत, त्या प्रदेशाचे रक्त घेतले की चाचणी सुधारते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? मग नेपाळच्या रुग्णांवर जे होऊ शकते, ते नागपूरला, गडचिरोलीला, पालघरला का होऊ नये? २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. कोकणात दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या तालुक्यांत गेली काही वर्षे माकडतापाचे रुग्ण आढळत आहेत, आणि डेंग्यू तर सर्वत्र आहे. एकाच वॉर्डात, एकाच आठवड्यात ही सारी मंडळी शेजारशेजारच्या खाटांवर असतात. बॉस्टन किंवा ब्रिस्बेनच्या वॉर्डात ती तशी नसतात.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात मला कुठेच दिसली नाही. आमच्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात संसर्ग नसतानाही दाह धुमसत असतो, आणि अपक्व लाल पेशी वाढलेल्या असल्याने रक्तातील एकूण आरएनएची ठेवणच बदललेली असते. असा रुग्ण अंग दुखून, तापून आला की हा सिकलसेलमधला नेहमीचा वेदनांचा ‘क्रायसिस’ की सेप्सिस, हे ठरवणे आधीच कठीण. त्यात निरोगी लाल पेशी गृहीत धरून बेतलेल्या चाचणीचा आकडा कसा वाचायचा? रक्तक्षय, कुपोषण, उपचाराविना राहिलेला क्षय, कित्येक दिवस परस्पर घेतलेली स्टेरॉइडे: यांपैकी एक तरी गोष्ट नसलेला रुग्ण आमच्याकडे क्वचितच येतो.

नळीचाही प्रश्न आहे. आरएनए नाजूक असतो. जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीत घेतलेले रक्त उन्हाळ्यातल्या दुपारी दोन तास काउंटरवर पडून राहिले, तर पेशी नळीतही आपले वागणे बदलत राहतात आणि आपण रुग्णाऐवजी नळी मोजतो. आरएनए जागच्या जागी गोठवून ठेवणाऱ्या खास नळ्या मिळतात, परंतु त्या महाग असतात आणि त्यात रक्त बरोबर खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हळुवार उलटेपालटे करावे लागते. रात्रपाळीला तीन रुग्णांमागे एक सिस्टर असताना हे जमते का, हे प्रयोगशाळेत बसून नव्हे, वॉर्डात उभे राहूनच पाहावे लागेल.

आता आकड्यांविषयी, कारण खरेदीच्या बैठकीत आकडेच बोलतात. समजा, एखादी चाचणी सेप्सिसच्या ९० टक्के रुग्णांना ओळखते आणि सेप्सिस नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर वगळते. अतिदक्षता विभागात, जिथे १,००० संशयितांपैकी ५०० जणांना खरोखरच सेप्सिस आहे, तिथे ती ५५० जणांना ‘होय’ म्हणेल आणि त्यांतले ४५० खरे असतील. हीच चाचणी पावसाळ्यातल्या तापाच्या बाह्यरुग्ण विभागात लावा, जिथे १,००० पैकी १०० जणांनाच सेप्सिस आहे. तिथे ती २७० जणांना ‘होय’ म्हणेल आणि त्यांतले खरे अवघे ९० असतील. यंत्र तेच, रसायने तीच, तरी दर तीनांपैकी दोन ‘होय’ खोटे. सेप्टिसाइटची अमेरिकेतील परवानगीदेखील अतिदक्षता विभागात पहिल्या दिवशी असलेल्या संशयित रुग्णांपुरती आहे. तरीही एका विक्री प्रतिनिधीने मला अगदी सहज सांगितले की, “सर, ही तर पीएचसीलासुद्धा चालेल.” चालेल म्हणजे सुरू होईल, एवढ्यापुरते ते खरे आहे.

शिवाय अचूकता मोजताना तुलना कशाशी केली, हेही पाहावे लागते. सेप्सिसची निर्विवाद कसोटी अस्तित्वातच नाही. म्हणून अशा अभ्यासांत तज्ज्ञ डॉक्टर रुग्णांचे कागद नंतर वाचून ‘होता’ किंवा ‘नव्हता’ असे ठरवतात. ज्यांच्याबाबत त्यांचे एकमत होत नाही, त्या रुग्णांना काही वेळा हिशेबातून वगळले जाते आणि चाचणीची अचूकता आपोआप खुलून दिसते. आम्हाला चाचणी हवी असते ती नेमकी त्या वगळलेल्या रुग्णांसाठी.

घाईची किंमत काय असते, हे सेप्सिसच्या क्षेत्राने पूर्वी मोजलेली आहे. ‘अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ या महागड्या औषधाला २००१ साली एका मोठ्या औषध-चाचणीच्या बळावर अमेरिकेत मान्यता मिळाली, जगभर ते वापरले गेले, आणि २०११ साली नव्या औषध-चाचणीत काहीच लाभ न दिसल्याने निर्मात्यांनी ते बाजारातून मागे घेतले. सगळ्या सेप्सिसला एकच आजार मानल्याचा तो परिणाम असावा, असे आता बरेच जण म्हणतात, आणि गंमत अशी की त्यावरचा उताराही जनुक-अभिव्यक्तीतच शोधला जात आहे. ऑक्सफर्डच्या गटाने २०१६ साली सेप्सिसच्या रुग्णांचे रक्तातील जनुकांवरून दोन प्रकार दाखवले. २०१९ साली एका ब्रिटिश औषध-चाचणीतील नमुने पुन्हा तपासले असता, त्यांतील ज्या प्रकारात प्रतिकारशक्ती तुलनेने शाबूत होती, त्या रुग्णांमध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिल्यावर मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हे पश्चात केलेले विश्लेषण आहे, त्यावरून आज उपचार बदलता येणार नाहीत. पण कुणाला स्टेरॉइड द्यावे आणि कुणाला देऊ नये, हे उद्या रक्त सांगणार असेल, तर मला या तंत्राचे सर्वांत मोठे आकर्षण तिथे वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, परिषदेने महाराष्ट्र आणि गोव्यातील निवडक रुग्णालयांत तापाने गंभीर झालेल्या रुग्णांचा एक गट, किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा धरून, सलग नोंदवावा. रुग्ण निवडून नव्हे, येतील तसे घ्यावेत. प्रत्येकाचे प्रतिजैविकापूर्वी दोन बाटल्यांत कल्चर, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर व डेंग्यू यांच्या तपासण्या, सिकलसेलची नोंद आणि आरएनएची एक नळी, एवढे झाले पाहिजे. चाचणीचे उत्तर माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी निदान ठरवावे, संदिग्ध रुग्णांची संख्या लपवू नये, आणि जनुकांची माहिती नावे वगळून खुल्या भांडारात ठेवावी. परिषदेचे प्रतिजैविक-प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे जाळे २०१३ पासून उभे आहे. स्क्रब टायफसवरील, ७९४ रुग्णांची, देशातील अनेक केंद्रांवर झालेली औषध-चाचणी २०२३ साली जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

तुलना प्रोकॅल्सिटोनिनशी तर हवीच, परंतु साध्या नजरेशीही हवी. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातल्या आरोग्यदूतांनी, बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले अशा खुणांवरून सेप्सिस ओळखून घरीच जेन्टामायसिन हे प्रतिजैविक दिले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. यंत्र या खुणांहून किती पुढे जाते, हे दाखवून दिल्याशिवाय त्याची किंमत ठरवता येणार नाही. आणि या यंत्राच्या नावाखाली कल्चरच्या बाटल्यांचा निधी कापला जाणार असेल, तर मी आजच विरोध नोंदवतो.

चाचणी पारखून उतरली, तर ती कोणत्या यंत्रावर चालवायची, याचाही विचार आधीच व्हावा. एका विशिष्ट कंपनीच्या बंदिस्त यंत्राला बांधून घेतले की कार्ट्रिज संपल्यावर ते कापडाने झाकून ठेवावे लागते. असे झाकलेले यंत्र मी पाहिलेले आहे. क्षयरोग कार्यक्रमामुळे जीनएक्स्पर्ट आणि गोव्यात तयार होणारी, बॅटरीवर चालणारी ट्रूनॅट ही यंत्रे जिल्ह्या-तालुक्यांत आधीच पोचली आहेत. बोटाच्या टोकाच्या रक्तातील जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ ही तीन जनुके मोजून क्षयाचा संशय पडताळणारे कार्ट्रिज जीनएक्स्पर्टसाठी तयार होऊन अनेक देशांत तपासलेही गेले आहे. तेव्हा रुग्णाचा स्वतःचा आरएनए या वर्गाच्या यंत्रावर मोजता येतो, हे सिद्ध आहे. सेप्सिससाठी तसेच काही आपल्याकडे घडावे, याची अट आपण खरेदीदार म्हणून घालू शकता.

आमच्याकडे रोवणी जुलैत सुरू होते आणि ऑगस्ट उजाडला की खाटा भरू लागतात. आरएनएच्या नळ्या आणि नोंदीचे तक्ते मृगाच्या आधी पोचले, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्ण नोंदवायला आमचा विभाग तयार आहे. उणे ८० अंशांच्या फ्रीझरसाठी भांडारातला कोपरा आम्ही रिकामा करून ठेवला आहे. जनरेटरची जोडणी तेवढी बाकी आहे.

आपला विश्वासू,
पूर्व विदर्भातील अतिदक्षता विभागातला एक डॉक्टर